वनस्पतींचे अर्क आणि आतड्यांचा क्षोभ

भाषेचा अभ्यासक प्रथम शब्दाकडे वळतो. 'इसबगोल' हा शब्द फार्सीतून आला. 'घोड्याचा कान' असा त्याचा अर्थ सांगतात, तो बीच्या आकारावरून. उत्तर गुजरातेत पिकणाऱ्या या बीचा भुसा पाणी धरून ठेवतो व मळ मऊ करतो. पोटदुखी आणि शौचाची अनियमितता मागे लावणाऱ्या 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' या विकारावर नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांची चाचणी झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत रोज १० ग्रॅम इसबगोल उपयुक्त ठरले; कोंडा त्या तोडीचा ठरला नाही.

पेपरमिंटच्या तेलातील मेन्थॉल आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून पेटके शमतात. ते जठरात न विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून देतात, एरवी छातीत जळजळ होण्याचा संभव असतो. मात्र २०२० सालच्या, १९० रुग्णांच्या डच चाचणीत मुख्य निकषांवर त्याला यश लाभले नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ साली त्याची शिफारस केली, तीही पुरावा दुबळा असल्याचे नमूद करूनच.

तेव्हा 'वनस्पतिजन्य' या विशेषणाला प्रमाण मानू नये. मळातून रक्त जात असेल किंवा वजन अकारण घटत असेल, तर अर्कांवर विसंबून न राहता आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.