'मिनी'चे इंजिन आणि मोजक्या खर्चातील अश्वशक्ती

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने २६ ऑगस्ट १९५९ रोजी 'मिनी' बाजारात आणली, तेव्हा तिचे इंजिन ८४८ सीसीचे होते आणि त्यातून ३४ अश्वशक्ती मिळत होती. मोटारीचे रचनाकार अॅलेक इसिगोनिस यांच्या सुरुवातीच्या नमुना-गाड्यांत मात्र ९४८ सीसीचे इंजिन होते, आणि त्या गाड्या ताशी ९० मैलांच्या पलीकडे जाऊ लागल्यामुळे हा वेग सामान्य कुटुंबाच्या गाडीला झेपणारा नाही असे ठरवून पिस्टनची धाव ७६.२ मिलिमीटरवरून ६८.२६ मिलिमीटरवर आणण्यात आली. त्या पिढीच्या कितीतरी इंजिनांची शक्ती अशी कारखान्यातच रोखून धरलेली आहे. कधी वेगाच्या भीतीने, कधी हलक्या पेट्रोलवरही गाडी चालावी म्हणून, तर कधी ओतकामाचा आणि यंत्रकामाचा खर्च वाचावा म्हणून. जुन्या मोटारीची शक्ती थोड्या पैशांत वाढवायची असेल, तर कारखान्याने कोठे हात आखडता घेतला होता हे शोधून पहिला खर्च तेथेच करावा लागतो.

'मिनी'च्या बाबतीत हा शोध सोपा आहे, कारण त्याचे उत्तर कारखान्यानेच दोन वर्षांत दिले. ज्यांच्या संघाने १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षे फॉर्म्युला वनचे निर्मात्यांचे अजिंक्यपद मिळवले होते, त्या जॉन कूपर यांच्या आग्रहामुळे १९६१ साली 'मिनी कूपर' निघाली. तिचे इंजिन ९९७ सीसीचे आणि शक्ती ५५ अश्वशक्ती होती. आकारमान जेमतेम साडेसतरा टक्क्यांनी वाढले असताना शक्ती साठ टक्क्यांहून अधिक वाढली. एका लिटरमागे ४० अश्वशक्ती देणारे यंत्र आता ५५ देऊ लागले. हा फरक मुख्यतः जोडीचे कार्बोरेटर, मोकळा एक्झॉस्ट, अधिक दाब आणि बदललेला कॅमशाफ्ट यांतून आला. पुढे १९६४ साली १२७५ सीसीच्या 'कूपर एस'मध्ये ७६ अश्वशक्ती मिळू लागली, तेव्हाही इंजिनाचा मूळ आराखडा १९५१ च्या 'ऑस्टिन ए-३०'मधील ८०३ सीसीच्या इंजिनाचाच होता.

'ए-सिरीज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इंजिनकुळाचा मुख्य अडथळा त्याच्या हेडमध्ये आहे. चार सिलिंडरांना आठ व्हॉल्व्ह असले तरी हेडमधील वायुमार्ग, ज्यांना पोर्ट म्हणतात, ते पाचच आहेत: आत येणाऱ्या मिश्रणासाठी दोन आणि जळलेला वायू बाहेर जाण्यासाठी तीन. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक प्रवेशमार्ग, तिसऱ्या आणि चौथ्याला मिळून दुसरा, आणि मधल्या दोन सिलिंडरांना मिळून बाहेर जाण्याचा एकच मार्ग, अशी ही मांडणी आहे. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे जोडीतील एका सिलिंडरचे भरणे पुरते होण्याआधीच शेजारच्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि अजून भरत असलेल्या सिलिंडरच्या वाट्याचे मिश्रण ओढले जाते. शक्ती ही टॉर्क, म्हणजे फिरवणारे बल, आणि इंजिनाचे फेरे यांच्या गुणाकारावर ठरते. फेरे वाढले की प्रत्येक सिलिंडरला भरण्यासाठी मिळणारा वेळ घटतो, टॉर्क ढासळू लागतो, आणि अरुंद मार्गांच्या इंजिनात हे फार लवकर घडते. त्यामुळे इंजिनात हवा किती येते आणि किती सहज बाहेर पडते, याच प्रश्नापाशी पुढचे प्रत्येक काम येऊन थांबते.

एकही नवा भाग विकत घेण्याआधी असलेल्या इंजिनाची तपासणी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि उत्साहाच्या भरात नेमका तोच वगळला जातो. प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजावा. चारही आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत आढळली तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट यांपैकी काहीतरी निकामी झाले आहे असे समजावे, आणि अशा इंजिनावर शक्तिवर्धक भाग चढवणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. टॅपेटची फट थंड इंजिनात ०.०१२ इंच, म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटर, आणि कॉन्टॅक्ट पॉइंटची फट ०.०१५ इंच असावी. डिस्ट्रिब्युटरमध्ये फेऱ्यांबरोबर ठिणगी अधिकाधिक आधी पडावी म्हणून वजने आणि स्प्रिंगा बसवलेल्या असतात. दशकानुदशकांच्या वापराने त्या सैल होतात आणि टायमिंग वरच्या फेऱ्यांत भरकटते. एवढ्या दुरुस्तीनंतरच पुष्कळ गाड्या आपल्या मूळ अश्वशक्तीला पोहोचतात, आणि ती वाढ मालकाला स्पष्ट जाणवते.

यानंतर येतो तो इंग्लंडमध्ये 'स्टेज वन' म्हणून ओळखला जाणारा संच. मधल्या पोर्टची नळी लांब ठेवलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कमी अडवणारा सायलेन्सर, मोठ्या मार्गाचा इनलेट मॅनिफोल्ड आणि मोकळा एअर फिल्टर एवढाच त्याचा पसारा असून इंजिन न उतरवता घरच्या हत्यारांनी तो बसवता येतो. यात एक अगदी स्वस्त भाग विसरला, तर बाकी सगळा खर्च उलटतो. तो म्हणजे कार्बोरेटरची सुई. 'मिनी'च्या एस.यू. कार्बोरेटरमध्ये हवेच्या ओढीनुसार एक पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून किती पेट्रोल जावे हे ठरवते. हवा वाढली आणि सुई जुनीच राहिली, तर पेट्रोलचे प्रमाण कमी पडते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा पुरते, पण कमाल शक्तीसाठी हे प्रमाण साडेबारा ते तेराच्या आसपास लागते. मिश्रण याहून बरेच हलके झाले की ज्वलनकक्षाचे तापमान चढते आणि पिस्टन किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची पाळी येते. नव्या भागांना जुळणारी सुई रोलिंग रोडवर, म्हणजे गाडीची चाके रुळांवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, निवडून घेण्यासाठी दिलेले पैसे कोणत्याही चकचकीत भागापेक्षा अधिक सार्थकी लागतात.

हेडच्या कामाला कौशल्य लागते, पण फळही तेथेच सर्वाधिक आहे. पोर्टची भिंत आरशासारखी चकाकली की शक्ती वाढते हा समज चुकीचा आहे. व्हॉल्व्हच्या बैठकीजवळचा वाकडा, अरुंद भाग नीट आकारात आणणे आणि बैठक तीन कोनांत कापून घेणे यांचा परिणाम चकाकीपेक्षा कितीतरी मोठा असतो. हेडचा तळ घासून ज्वलनकक्ष लहान केला की दाबाचे गुणोत्तर वाढते. याच कुळातील ९९८ सीसीच्या इंजिनात ते ८.३ असेल, तर पिस्टन वर टोकाला असताना एका सिलिंडरमध्ये सुमारे ३४.२ सीसी जागा उरते, गुणोत्तर ९.५ करायचे तर ती २९.४ सीसी व्हायला हवी. फरक चहाच्या एका चमच्यापेक्षाही कमी आहे, म्हणून हे घासकाम अंदाजाने कधीही करू नये. आधी ब्युरेटने प्रत्येक कक्ष मोजून मगच लेथवाल्याकडे जावे. प्रमाणाबाहेर दाब वाढला, तर ठिणगीने सुरू झालेली ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप भडकतो, आणि नॉकिंगचे हे धक्के पिस्टन फोडू शकतात. हेड उतरलेच आहे, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कठीण बैठका त्याच वेळी बसवून घ्याव्यात, कारण पूर्वी पेट्रोलमधील शिसे त्या बैठकांचे रक्षण करत असे आणि आता ते पेट्रोलमध्ये नाही.

इंग्रज हौशी मंडळींनी याहून स्वस्त वाटही काढली होती. 'एमजी ११००' आणि ९९८ सीसीच्या 'कूपर'चे, '१२ जी २९५' हा ओतकामाचा क्रमांक असलेले हेड भंगारातून आणून ते साध्या ९९८ सीसी इंजिनावर चढवले जाई. मोठे व्हॉल्व्ह आणि सुधारलेले पोर्ट त्यात कारखान्यातूनच आलेले असत. १२७५ सीसीचे हेड मात्र लहान इंजिनावर सरळ बसत नाही, कारण त्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना ब्लॉकला आदळतात आणि ब्लॉकमध्ये खोबणी कोरावी लागते. १२७५ सीसीचे अख्खे इंजिनच मिळत असेल, तर त्या कटकटीपेक्षा ते घेणे शहाणपणाचे ठरते.

कॅमशाफ्ट बदलण्यासाठी 'मिनी'चे इंजिन बाहेर काढावे लागते, त्यामुळे ते काम ओव्हरहॉलिंगच्या वेळीच करावे. तोवर रॉकरचे गुणोत्तर १.२५ वरून १.५ केले तर व्हॉल्व्ह वीस टक्के अधिक उघडतो आणि इंजिन उतरवावे लागत नाही.

वाढलेल्या शक्तीचा हिशेब ब्रेकपाशी चुकता करावा लागतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि मूळ 'मिनी'चे सात इंची ड्रम ब्रेक ३४ अश्वशक्तीसाठी होते. 'कूपर' काढताना कारखान्याने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले, आणि 'कूपर एस'ला त्याहून मोठ्या डिस्कबरोबर ब्रेकचा जोर वाढवणारा सर्व्होही जोडला. हातात पैसे थोडे असतील तर नवा कार्बोरेटर पुढे ढकलावा, ब्रेक नव्हेत.

ही तत्त्वे भारतातील जुन्या गाड्यांनाही लागू पडतात. 'अॅम्बेसेडर'चे १४८९ सीसी इंजिन याच कंपनीच्या 'बी-सिरीज' कुळातले आहे आणि त्याच्या हेडमध्येही पाचच पोर्ट आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील 'पद्मिनी'चे इंजिन १०८९ सीसीचे. त्याच आकारमानाच्या इंजिनातून फियाटने इटलीत १९५३ सालीच, मूळच्या ३६ च्या जागी, 'टीव्ही' नावाच्या वेगवान आवृत्तीत ५० च्या आसपास अश्वशक्ती मिळवली होती. येथे कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकमधील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि इंजिनच बदलायचे तर आरटीओची मंजुरी लागते. २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, तेव्हा पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली गाडीच त्यास पात्र धरली. म्हणून घासकाम आणि कोरीवकाम भंगारातून आणलेल्या दुसऱ्या हेडवर करावे, आणि गाडीबरोबर आलेले हेड, मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवावेत. घासलेला धातू पुन्हा चढवता येत नाही.