दिल्लीत भेटणारा महाराष्ट्र : मुलांसह पाहावयाच्या पाच जागा

बँकेच्या सेवेत बदली ही ठरलेलीच. आदेश हाती पडतो, सामान बांधले जाते आणि नव्या शाखेत रुजू व्हावे लागते. मोठ्यांना नवे कार्यालय आणि नवे सहकारी मिळतात. कामाच्या रगाड्यात पहिले काही महिने कसे गेले ते कळतही नाही. खरी ओढाताण होते ती मुलांची. शाळा, सवंगडी, अंगण, दारापुढे कानी पडणारी भाषा हे सारे एका रात्रीच्या प्रवासात मागे राहते. नव्या शहरात ‘हे माझे’ म्हणावे असे काही त्यांना दिसत नाही, आणि ‘आपण परत कधी जायचे?’ या प्रश्नाला आईवडिलांपाशी उत्तर नसते.

दिल्लीत बदलून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे हा अनुभव घेतात. आमचे वास्तव्य दक्षिण दिल्लीतील मुनिरका भागात आहे. हे मूळचे एक जुने गाव. आज जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारी दाट वस्तीने वेढलेले. येथे येणारी पाहुणेमंडळी एका दिवसात सारी दिल्ली पाहण्याचा बेत करतात. संध्याकाळी मोठ्यांचे पाय दुखतात आणि मुलांच्या लक्षात राहते ते केवळ आइस्क्रीम. त्यापेक्षा एक साधे सूत्र अधिक उपयोगी पडते : एका सुटीला एकच जागा, आणि तीही अशी की जिचा धागा मुलाच्या ओळखीच्या महाराष्ट्राशी जुळतो. ओळखीचे काही भेटले की मूल अनोळखी शहराकडेही आपुलकीने पाहू लागते. मुनिरक्यापासून सुरुवात करून अशा पाच जागा येथे सांगत आहे.

१. घराजवळची बारव

प्रारंभ अगदी जवळून करावा. मुनिरक्याला लागून असलेल्या रामकृष्ण पुरम या सरकारी वसाहतीत, सेक्टर ५ मध्ये, वजीरपूर का गुंबद नावाने ओळखला जाणारा लोदी काळातील घुमटांचा समूह आहे. लोदी घराण्याची सत्ता १४५१ ते १५२६ या काळातली. या घुमटांजवळ पायऱ्यांची विहीर आहे. दिल्लीकर तिला ‘बावली’ म्हणतात. आपली मुले तिला पाहताच ‘बारव’ म्हणतील. पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरण्याची गरज दोन्हीकडे सारखीच होती, म्हणून बांधणीही सारखी झाली. एका वस्तूला दोन भाषांत दोन नावे असतात, हे कळणे म्हणजे नवी भाषा शिकण्याची पहिली पायरी होय. अर्थात कोणतीही बारव पाहताना मुलाचा हात सोडू नये.

२. माथेरानचे इंजिन

चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय मुनिरक्याहून रिक्षाने फार दूर नाही. १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झालेल्या या संग्रहालयात मोकळ्या मैदानावर जुनी इंजिने आणि डबे मांडलेले आहेत. मुलांना बसण्यासाठी छोटी गाडीही आहे; पण तिच्याकडे धाव घेण्यापूर्वी तीन इंजिने शोधण्याचा खेळ लावावा.

पहिले, माथेरानच्या छोट्या रेल्वेचे वाफेचे इंजिन. केवळ दोन फूट रुंदीच्या रुळांवर नेरळचा डोंगर चढणारी ही रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. दुसरे, ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचे १९२८ चे विजेचे इंजिन. बोरघाटात मालगाड्या ओढणाऱ्या या जातीच्या इंजिनांना रेल्वेचे कर्मचारी ‘खेकडा’ म्हणत. उभे असताना ते विचित्र कण्हल्यासारखा आवाज करी, असे सांगतात. पुणे-मुंबई प्रवास केलेल्या मुलाला हा घाट ठाऊक असतोच.

तिसरे इंजिन पतियाळा संस्थानच्या एकरुळी गाडीचे. तिचा बहुतेक भार जमिनीतील एकाच रुळावर असे आणि तोल सांभाळण्यासाठी बाजूचे एक मोठे चाक रस्त्यावरून धावे. हीदेखील १९०७ चीच, आणि माथेरानच्या इंजिनाप्रमाणेच जर्मनीतील ओरेनश्टाइन आणि कोपेल या कारखान्यातील. महाराष्ट्राचा डोंगर आणि पंजाबचे मैदान यांना जोडणारा हा दुवा मुलांना शोधू द्यावा. संग्रहालय सोमवारी बंद असते.

३. देवगिरीचे धन आणि हौज खासचे पाणी

मुनिरक्याच्या पूर्वेला हौज खास आहे. अल्लाउद्दीन खिलजीने आपल्या सिरी या नगराला पाणी मिळावे म्हणून येथे विस्तीर्ण तलाव खोदविला. पुढे तो गाळाने भरला तेव्हा फिरोजशहा तुघलकाने तो उपसविला आणि १३५२ च्या सुमारास काठावर मदरसा बांधला. त्याची कबरही तेथेच आहे. पाण्याकाठची मोकळी जागा आणि दगडी सज्जे मुलांना आवडतात.

हा अल्लाउद्दीन आपल्या इतिहासातही भेटतो. १२९६ मध्ये, सुलतान होण्यापूर्वी, त्याने देवगिरीवर चाल करून रामदेवराय यादवाकडून अपार संपत्ती नेली. ज्यांच्या राजवटीत १२९० मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेच हे रामदेवराय. त्या संपत्तीने अल्लाउद्दीनचा दिल्लीच्या गादीकडे जाण्याचा मार्ग सुकर केला, आणि त्याच वर्षी तो सुलतान झाला. पाठ्यपुस्तकातील एक ओळ अशा रीतीने डोळ्यांसमोर तलाव होऊन उभी राहते.

४. इतिहासातील सर्वांत गाजलेली बदली

बदलीने खट्टू झालेल्या मुलाला ही जागा अवश्य दाखवावी. मुनिरक्याहून मेट्रोच्या मजेंटा मार्गिकेवर तिसरे स्थानक हौज खास. तेथून जवळच बिजय मंडल नावाचे भग्न बांधकाम आहे. मुहम्मद तुघलकाच्या हजार खांबांच्या राजवाड्याचा हा अवशेष मानला जातो. शेजारीच बेगमपूरची प्रशस्त मशीद आहे.

याच सुलतानाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीस नेण्याचे ठरविले आणि तिला दौलताबाद नाव दिले. सारे शहर रिकामे झाल्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. प्रत्यक्षात प्रामुख्याने अधिकारी, उमराव आणि विद्वान यांना कुटुंबांसह जावे लागले, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आजच्या भाषेत ती सरकारी बदलीच! दिल्लीतील मुलांनी तेव्हा दक्षिणेची वाट धरली, आज दक्षिणेतील मुले दिल्लीला येतात. काही वर्षांनी सुलतानाने परतण्याची परवानगी दिली. पण सारेच परतले नाहीत. काहींना नवे गाव आपले वाटू लागले होते. ही गोष्ट मुलाला सांगावी आणि त्यावरचा उपदेश मात्र टाळावा. येथे पायऱ्या खडबडीत आहेत आणि सर्वत्र कठडे नाहीत, याची काळजी घ्यावी.

५. कालकाजी ते लाल किल्ला

मेट्रोचा हा मार्ग मे २०१८ मध्ये मुनिरक्यावरून कालकाजी मंदिरापर्यंत सुरू झाला. मुनिरक्यानंतरचे आठवे स्थानक कालकाजी मंदिर. मार्च १७३७ मध्ये थोरले बाजीराव मोगल सैन्याला चकवून दिल्लीवर येऊन धडकले तेव्हा त्यांचा मुक्काम या देवीच्या देवळाजवळ पडला होता. पुढे तालकटोऱ्यापाशी चकमक झाली. मात्र शहर जाळण्या-लुटण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. बंधू चिमाजी आप्पांना त्यांनी हे पत्राने कळविले होते. नवरात्राची गर्दी टाळून येथे जावे.

याच स्थानकावर व्हायोलेट मार्गिकेची गाडी पकडली की ती थेट लाल किल्ल्यापाशी नेते. शाहजहानने १६३९ ते १६४८ या काळात बांधविलेल्या किल्ल्यातील दिवाण-इ-खास दालनाला एके काळी चांदीचे छत होते. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी त्यातील चांदी काढून तिची नाणी पाडली. पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले. ‘हे बरोबर होते का?’ असे मूल विचारील. उत्तर देण्याची घाई करू नये. आपल्या माणसांनी शहर राखल्याची गोष्ट सांगितली, तशी छत काढल्याचीही सांगावी. यजमानाच्या घरी पाहुण्याने दोन्ही गोष्टींची आठवण ठेवावी. त्यातूनच शेजाऱ्याशी खरी मैत्री जुळते. किल्लाही सोमवारी बंद असतो.

थोडे हिशेबाचे

या सहली खिशाला जड नाहीत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. मेट्रोत मोठ्यांसोबतच्या तीन फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही. घरचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर असल्या की मोठा खर्च वाचतो. मात्र डबा कोठे उघडता येईल याची चौकशी आधी करावी.

मोठ्या मुलाकडे सहलीची ठरावीक रक्कम आणि एक छोटी वही सोपवावी. आरंभीची शिल्लक, झालेला खर्च आणि उरलेली रक्कम त्याने स्वतः लिहावी. रोकडवहीची ओळख यापेक्षा सोप्या रीतीने होणार नाही. उरलेले पैसे त्याच्या बचत खात्यात भरण्यास त्यालाच बरोबर न्यावे.

ऋतूचाही विचार हवा. फेब्रुवारी आणि मार्च हे महिने सर्वांत सुखाचे. मे-जूनच्या उन्हात उघड्यावरील स्मारके सकाळी लवकरच पाहावीत. दिवाळीच्या सुमारास आणि त्यानंतर हवा बिघडते. अशा दिवसांत, विशेषतः दम्याचा त्रास असलेल्या मुलांना घेऊन, मैदानी सहल टाळलेलीच बरी.

प्रत्येक सहलीनंतर मुलाला गावाकडील आजी-आजोबांना एक पोस्टकार्ड लिहू द्यावे. पहिल्या पत्रात ‘येथे माथेरानचे इंजिन आहे’ असे असेल. कालांतराने एखाद्या पत्रात ‘तुम्ही आलात की मी तुम्हांला आमचा तलाव दाखवीन’ असे वाक्य येईल. त्या ‘आमचा’ या शब्दाकडे आईवडिलांनी लक्ष ठेवावे. बदलीचा आदेश कागदावर एका दिवसात अमलात येतो. मुलाच्या मनातली बदली पुरी होते ती या शब्दापाशी.