पोट लहान झाले, भाकरीचे काय?

२०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी रुग्णालयात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि हा विषय वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. बीडकडचे कुणी पुण्या-मुंबईला जाऊन ती करून आले, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो : भाकरी कधी द्यायची?

सुरुवातीचे काही आठवडे पातळ, मग मऊ अन्न, हे डॉक्टर लिहून देतातच. खरी गफलत पुढे होते. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढलेला असतो. शरीराला मात्र रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. हिशेब करून पाहा. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे सुमारे १७० कॅलरी. त्यात पिष्टमय पदार्थ ३४ ग्रॅम, प्रथिने जेमतेम ५. नुसत्या भाकरीवर साठ भरायला बारा भाकरी लागतील! म्हणून आधी अंडे, घट्ट वरण, मटकी, दही. भाकरी शेवटी, चतकोर. आपल्याकडे नेमके उलटे. शिवाय कालवणात कुस्करलेली भाकरी भरकन खाली उतरते, पोट भरल्याचे कळतच नाही.

दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा झाला, की १६० कॅलरी गेल्या, म्हणजे जवळजवळ एक भाकरी, आणि पोटाला आधार काही नाही. 'बायपास' झालेल्याला तर गोडाने घाम, धडधड, जुलाबही होतात. "घोटभर तरी घ्या" म्हणणाऱ्या पाहुण्यांना घरच्यांनीच हे सांगावे.

बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या बरे वाटले म्हणून सोडू नयेत. त्या बहुधा जन्मभराच्या असतात.