गुंठ्याचा प्लॉट घेताय? इसार देण्याआधी एवढं तपासा

लिंबागणेश : मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यानं जाताना शेताच्या बांधावर 'प्लॉट विकणे आहे' असे बोर्ड दिसतात. बीडपर्यंत रेल्वे 17 सप्टेंबर 2025 रोजी सुरू झाली, तशा व्हॉट्सअॅपवर प्लॉटच्या जाहिरातीही वाढल्या. ज्ञानराधा मल्टीस्टेटमध्ये ठेवी अडकल्यापासून जिल्ह्यातली माणसं म्हणतात, "पैसा पतसंस्थेत नको, जमिनीत टाकू. जमीन काही पळून जात नाही."

जमीन पळून जात नाही हे खरं. पण ती आपल्या नावावर होईलच असं नाही. ऊसतोडीचा, कापसाचा, नाहीतर रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मावेजाचा पैसा एकदाच हाती येतो. म्हणून पहिल्यांदाच प्लॉट घेणाऱ्यांसाठी ही माहिती.

दोन गुंठ्यांची रजिस्ट्री होते का?

एक एकर म्हणजे 40 गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानं बंदी आहे. शासनाच्या ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेप्रमाणे किमान क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. त्यामुळं शेतातला दोन गुंठ्यांचा प्लॉट 'लगेच रजिस्ट्री' म्हणून कोणी विकत असेल, तर आधी एनए आदेश आणि मंजूर लेआउट मागा. 'एनए प्रस्तावित आहे' याचा अर्थ एनए झालेलं नाही, एवढाच.

2025 मध्ये सरकारनं जुन्या तुकड्यांचे काही व्यवहार नियमित करण्याची वाट काढली. दलाल लोक तेच पुढं करून 'आता तुकडेबंदी उठली' असं सांगतात. ती सवलत सरसकट प्रत्येक शेताला नाही. आपला गट नंबर त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा.

दहा जणांत मिळून वीस गुंठे

दुसरी युक्ती म्हणजे दहा जणांनी मिळून 20 गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं. सातबाऱ्यावर दहाही नावं येतात, पण सामाईक. तुमचा कोपरा कोणता, हे त्या कागदावर कुठंच नसतं. पुढं बांधकाम परवानगी, बँकेचं कर्ज किंवा विक्री, प्रत्येक वेळी बाकीच्या नऊ जणांची गाठ पडते. त्यातला एक वारला की त्याचे वारस येतात. भाव स्वस्त वाटतो, तो ह्याच कारणानं.

सातबारा कसा वाचायचा?

विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो. त्यात हे बघा :

- भूधारणा पद्धत : वर्ग-1 असेल तर ठीक. वर्ग-2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री करता येत नाही.
- इतर हक्क : बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम असं काही लिहिलंय का बघा.
- जुने फेरफार : जमीन आताच्या मालकाकडं वाटणीनं आली, खरेदीनं आली की वारसानं, हे फेरफारात कळतं. एकही फेर सोडू नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आलं म्हणजे मालकी आली, असं होत नाही.

इनाम जमीन : आपल्याकडचा मोठा धोका

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळं देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनी आपल्याकडं पुष्कळ. जुन्या कागदात 'खिदमतमाश' किंवा 'सेवा इनाम' असा शब्द दिसला की थांबा. या जमिनी कसणाऱ्याच्या खासगी मालकीच्या नसतात. वक्फची मिळकत विकली तर तो व्यवहार कायद्यानं मुळातच रद्द ठरतो. अशा जमिनी खालसा करून विकल्याच्या प्रकरणांत बीड जिल्ह्यात गुन्हे दाखल झालेले आहेत. आजचा सातबारा स्वच्छ दिसला तरी खासरा पत्रक आणि पाहणीपत्रकाच्या नकला काढून बघा. घोळ तिथंच सापडतो.

बहिणींच्या सह्या

2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. वडील 2005 आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून जमीन वडिलोपार्जित असेल तर 'बहिणींचं काही म्हणणं नाही' या तोंडी बोलण्यावर विसंबू नका. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या हव्यात.

बाँडपेपर म्हणजे रजिस्ट्री नाही

पाचशेच्या बाँडवर नोटरी केली की काम झालं, असा गैरसमज गावोगाव आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या खरेदीखताशिवाय मालकी बदलत नाही. मुखत्यारपत्रावर झालेल्या 'विक्री'नं मालकी मिळत नाही, असंही सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये सांगितलंय.

इसारपावती केली असेल तर तीही नोंदवून घ्या. तिच्यात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, ठरलेली किंमत आणि खरेदीची तारीख लिहा. समोरचा टाळाटाळ करू लागला तर ठरल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. 'आज करू, उद्या करू' म्हणत ही मुदत निघून जाते.

पैसे बँकेतूनच द्या. जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे. आणि व्यवहार फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा कुठून आणणार?

मोठा लेआउट असेल तर महारेरा

500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकणाऱ्याला महारेराची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम तो मागू शकत नाही.

इसाराआधीची पाच कामं

1. वकिलाकडून मागच्या 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा. वकील आपला असावा, दलालाचा नको.
2. भूमी अभिलेखची सरकारी मोजणी झालीय का बघा. नसेल तर विकणाऱ्याला ती करायला लावा.
3. रस्ता नकाशावर आहे का बघा. शेजाऱ्याच्या बांधावरून 'तोंडी' वाट असेल तर ती उद्या बंद होऊ शकते.
4. शेतजमीन म्हणून घेत असाल तर आपण शेतकरी असल्याचा सातबारा लागतो. शहरातल्या पाहुण्याच्या नावावर घेण्याआधी हे तपासा.
5. शेजारच्या गटातल्या चार जाणत्यांना विचारा. भाऊबंदकीचा वाद कागदावर नसतो, पारावर कळतो.

खरेदी झाली की फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. हरकत आली तर नोटीस घेऊन हजर राहा.

समोरचा 'आजच इसार द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय' म्हणत असेल, तर येऊ द्या त्या गिऱ्हाइकाला. कागद बघायला आठ दिवस न देणाऱ्याचा प्लॉट घेऊ नये.