क्रीम लावून तरुण दिसता येतं का? चेहऱ्यावर खरा फरक कशाने पडतो अन् कोणत्या डबीने किडनी धोक्यात येते, वाचा सविस्तर

जुन्नर/मंचर : सकाळी फेसवॉश, मग टोनर, त्यावर सीरम, त्यावर मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, रात्री पुन्हा हाच क्रम. मोबाईलवरच्या रील्स बघून हे 'स्किनकेअर रुटीन' आता जुन्नर-आंबेगावातल्या गावागावांत पोचलं आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलीच नाही, मुलंही चेहऱ्यावर पैसे घालू लागली आहेत. लग्न ठरलेलं असेल तर विचारायलाच नको. घरातल्या मोठ्यांना मात्र एकच प्रश्न पडतो. एवढं सगळं चोपडून दिसण्यात खरंच काही फरक पडतो का?

थोडक्यात उत्तर असं की फरक पडतो, पण थोडा. तोही महागड्या बाटल्यांनी नाही, दोन-तीन साध्या सवयींनी. मोठा आणि झटपट फरक दाखवणाऱ्या डब्या मात्र जपूनच घ्याव्या लागतात. अकोल्यातल्या एका कुटुंबाला त्याची किंमत किडनीच्या आजाराने मोजावी लागली.

अकोल्यात काय घडलं?

२०२२ सालची गोष्ट. अकोल्यातल्या एका विद्यार्थिनीने पार्लरमधून मिळालेली क्रीम लावायला सुरुवात केली. चेहरा उजळला, लोक विचारू लागले. ते बघून तिच्या आईने आणि बहिणीनेही तीच क्रीम लावली. काही महिन्यांत तिघींनाही किडनीचा आजार निघाला. एकाच घरात तिघींना एकदम हा आजार कसा, हे डॉक्टरांनाही कोडं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेताना संशय क्रीमवर गेला. तपासणीत त्या क्रीममध्ये मर्यादेच्या कित्येक पट पारा सापडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रांतून राज्यभर कळलं.

हा प्रकार अकोल्यापुरता नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये या आजाराचा एक ठरावीक प्रकार आढळला. त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली.

पारा क्रीममध्ये घालतातच कशाला?

आपल्या कातडीला रंग देणारा घटक म्हणजे मेलॅनिन. पारा हे मेलॅनिन तयार होण्याचं काम अडवतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पण पारा चेहऱ्यावर थांबत नाही. कातडीतून तो रक्तात जातो आणि किडनीत साठतो. पायावर, डोळ्यांखाली सूज आणि लघवीला न विरणारा फेस ही त्याची लक्षणं. एकाने लावलेली क्रीम टॉवेल, उशी अन् हातावाटे घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचू शकते.

आपल्याकडच्या नियमानुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारा १ पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत एक भागापेक्षा, जास्त चालत नाही. मुद्दाम पारा घालणारा कारखानदार डबीवर 'पारा' असं लिहीत नाही. तरी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'सोनं, चांदी, ॲल्युमिनियम किंवा दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना क्रीमवर असेल, तर तिच्यात पारा असण्याची शक्यता असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅलोमेल, मर्क्युरिक किंवा मर्क्युरस असे शब्द दिसले तर डबी तिथेच ठेवावी.

नायट्याचं मलम चेहऱ्यावर?

आपल्या भागात याहून जास्त दिसणारा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा आहे. नायटा, गजकर्ण, खाज यासाठी आणलेली ट्यूब घरात पडून असते. तिने खाज लगेच थांबते, म्हणून तीच मग चेहऱ्यावरच्या डागांना लावली जाते. काही 'गोरं करणाऱ्या' ट्यूबमध्येही स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात अन् चेहरा गोरा वाटतो. पण महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं येतात, मुलींच्या चेहऱ्यावर केस वाढतात. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. एक प्रकारचं व्यसनच लागतं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती याचमुळे. 'भावजीला गुण आला' म्हणून तीच ट्यूब आपल्या चेहऱ्याला लावणं म्हणजे विकतचं दुखणं. ज्यांना सवय लागली आहे त्यांनी ती एकदम न तोडता डॉक्टरांना दाखवून बंद करावी.

मग साध्या रुटीनने काय होतं?

विशी-बाविशीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या नसतातच. जे नाही ते घालवण्यासाठी 'अँटी-एजिंग' क्रीम घेणं म्हणजे पाऊस पडत असताना पिकाला मोटार सुरू करण्यासारखं आहे.

मॉइश्चरायझरचं काम सोपं आहे. कातडीच्या वरच्या थरातलं पाणी ते धरून ठेवतं. थर भरलेला असला की उजेड सारखा परततो आणि चेहरा टवटवीत दिसतो. हा फरक खरा असतो, पण लावणं बंद केलं की तोही जातो. हिवाळ्यात साधी पेट्रोलियम जेलीसुद्धा हे काम करते. कोलॅजेनच्या क्रीमची जाहिरात जोरात असली, तरी कोलॅजेनचा कण इतका मोठा असतो की तो कातडीतून आत जात नाही. तोही वरवर ओलावाच धरतो.

हळद, डाळीचं पीठ, उटणं यांनी मळ निघतो, चेहरा तात्पुरता मऊ लागतो. रंग बदलत नाही. लिंबू मात्र चेहऱ्याला चोळू नये. लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात.

जास्त वस्तू म्हणजे जास्त फायदा, हेही खरं नाही. अमेरिकेत २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७ ते १८ वयाच्या मुलींचे स्किनकेअरचे १०० व्हिडिओ तपासले गेले. एकेका मुलीच्या रुटीनमध्ये सरासरी सहा वस्तू, महिन्याचा खर्च सुमारे १६८ डॉलर, म्हणजे आपल्याकडचे चौदा हजारांच्या आसपास. त्यातल्या कित्येक वस्तूंत कातडीला झोंबणारे, ॲलर्जी आणणारे घटक होते. आणि जी एक वस्तू खरोखर कामाची, ती सनस्क्रीन दिवसाच्या रुटीनपैकी जेमतेम २६ टक्क्यांत होती.

पुरावा आपल्याच दंडावर

वय दिसण्यात सगळ्यात मोठा वाटा उन्हाचा. त्यासाठी लांब जायची गरज नाही. शेतात राबणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने आपला दंड आतल्या बाजूने बघावा आणि मग मनगटाची वरची बाजू बघावी. माणूस तोच, वय तेच, आई-बापाकडून आलेली कातडी तीच. पण आतली बाजू मऊ अन् उजळ, बाहेरची रापलेली, डागाळलेली, जाड. हा सगळा फरक उन्हाचा.

अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. २८ वर्षं गाडी चालवून खिडकीच्या बाजूचा त्याचा अर्धा चेहरा पार सुरकुतला. दुसरा अर्धा बराच तरुण दिसत होता. काचेतूनही उन्हाचे काही किरण आत येतात, हे त्यावरून कळतं. पुणे-नाशिक महामार्गावर रोज टेम्पो-ट्रक चालवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

सनस्क्रीनने उपयोग होतो का, याचा चांगला अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांना साडेचार वर्षं पाहिलं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात कातडी म्हातारी होण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी निघालं. ते लोक गोऱ्या कातडीचे होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळे सुरकुत्या उशिरा पडतात. आपल्याकडे उन्हाचा त्रास वांग अन् काळ्या डागांच्या रूपाने जास्त दिसतो. म्हणजे आपली सावळी कातडी हेच आपलं पहिलं संरक्षण आहे, आणि क्रीमने आपण तेच घालवायला निघालेलो असतो.

साडीवर फुल बाह्यांचा जुना शर्ट चढवून, तोंडाला स्कार्फ बांधून टोमॅटो तोडणाऱ्या, कांदा काढणाऱ्या बायका आपल्या भागात सगळीकडे दिसतात. त्यांचा हा शहाणपणा कुठल्याही सनस्क्रीनच्या तोडीचा आहे. घामाने सनस्क्रीन वाहून जातं, शर्ट जात नाही. बापयांनीही नुसत्या टोपीवर न भागवता रुंद काठाची टोपी किंवा उपरणं वापरावं.

क्रीमने न जाणाऱ्या गोष्टी

तंबाखू : अमेरिकेत २०१३ मध्ये ७९ जुळ्यांच्या जोड्यांचे चेहरे तपासले. जुळ्यांपैकी जो जास्त धूम्रपान करतो, तोच बहुतेक वेळा म्हातारा दिसत होता. गुटख्याने तर तोंड उघडणंच कमी होत जातं आणि गाल ताठर होतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी खाणारे खातातच.

गाजर गवत : काँग्रेस गवत म्हणतात ते हेच. १९५०च्या दशकात देशात ते पहिल्यांदा आपल्या पुण्यातच नजरेत आलं. त्याच्या ॲलर्जीने चेहरा, मान अन् हातांची कातडी खाजते, जाड होते, काळवंडते. बांधावरचं गवत उपटताना हातमोजे आणि फुल बाह्या हव्यात. ही ॲलर्जी आहे हे ओळखल्याशिवाय कितीही क्रीम लावली तरी उपयोग नाही.

रक्त कमी असणं : मुलीचा चेहरा निस्तेज, ओठ फिके, दम लागतो, तर आधी हिमोग्लोबिन तपासावं. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. सीरमच्या बाटलीने रक्त भरत नाही.

मुरुमं : इथे वेळेवर औषध हवंच

तरुण वयात दिसण्यावर कायमचा परिणाम करणारी खरी गोष्ट म्हणजे दुर्लक्ष केलेली मुरुमं. ती फोडली, वाढू दिली तर खड्डे पडतात आणि ते खड्डे कुठल्याही क्रीमने भरत नाहीत. औषधं साधी आणि जुनीच आहेत, पण गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणून सात दिवसांत डबी बदलण्यात अर्थ नाही. कपाळावर बारीक पुटकुळ्या असतील तर डोक्याला चोपडलेलं तेल कपाळावर उतरतंय का तेही बघावं. 'वयात आलं की येतंच' म्हणून पोराला गप्प बसवू नये. मुरुमांमुळे कॉलेजला जायला लाजणारी मुलं असतात.

काय करावं?

- दिवसातून दोनदा साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने तोंड धुवावं. घासू नये.
- कातडी कोरडी असेल तर कुठलंही साधं मॉइश्चरायझर पुरेसं आहे. मुरुमं असतील तर चेहऱ्याला खोबरेल लावू नये.
- उन्हात आधी कपडा, मग सनस्क्रीन. एसपीएफ ३० पुरतो. चेहरा-मानेला दोन बोटांवर मावेल एवढं घ्यावं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं.
- डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत असलीच पाहिजे. सुटी, लेबल नसलेली किंवा 'आम्हीच बनवतो' अशी क्रीम घेऊ नये.
- गोरेपणाची क्रीम लावत असताना अंगावर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला तर ती तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावं. जाताना डबी सोबत न्यावी. फेकून देऊ नये.

उपचारासाठी मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगावची ग्रामीण रुग्णालयं जवळ आहेत. त्वचारोग तज्ज्ञांची गरज पडली तर पुण्यात ससून रुग्णालयात त्वचाविभाग आहे. संशयास्पद क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

लग्नाआधी महिनाभर चेहरा उजळून देणारी डबी कुणी हातात ठेवली तर तिच्यावर काय लिहिलंय ते आधी वाचावं. काहीच लिहिलेलं नसेल, तर परत द्यावी.