माणूस समोर बसवून

पुण्यात माणसाला समोर बसवून त्याचं चित्र रंगवण्याची रीत पेशवाईपासूनची. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ साली सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं तैलचित्र केलं. ते आता लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेशव्यांच्या दरबारातला ब्रिटिश रेसिडेंट मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळाही निघाली आणि चित्रकार गंगाराम तांबट तिथे तयार झाला. आज अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थांत आणि शहरातल्या खाजगी वर्गांत हाच अभ्यास ‘हेड स्टडी’ या नावाने चालतो.

वर्गात आधी उजेड ठरतो. खिडकी उत्तरेची असली तर उत्तम, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही आणि सावल्या फारशा सरकत नाहीत. तशी खिडकी नसेल तर एकाच बाजूने एकच दिवा. दोन्हीकडून उजेड आला की चेहऱ्याची घडण पुसली जाते. मग मॉडेलला लाकडी मंचावर बसवतात, खुर्चीच्या पायांभोवती आणि पावलांभोवती खडूने खुणा करतात, आणि नजर कुठे ठेवायची ते भिंतीवर ठरवून देतात. वीस-पंचवीस मिनिटांची बैठक, मग विश्रांती. पहिल्या बैठकीत माणूस ताठ बसतो. हळूहळू खांदे उतरतात, मान जराशी कलते. खरी पोज ती. म्हणून सुरुवातीच्या रेषांवर फार जीव लावू नये.

इझल असं लावायचं की मागे सरकलं की मॉडेल आणि कॅनव्हास एकाच नजरेत मावतील. अगदी जवळ बसलं तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात, आणि तसेच काढले जातात.

नवशिक्याची हमखास चूक म्हणजे डोळ्यापासून सुरुवात. सुंदर डोळा होतो, पण तो कवटीवर बसत नाही. आधी डोक्याचा माथा, हनुवटी आणि डोकं किती कललंय ती रेषा. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. केसांसकट माथा विचारात न घेतल्यामुळे बहुतेक जण ते वर काढतात आणि कपाळ आखूड होतं. ब्रश उभा धरून एक डोळा मिटायचा आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली नाकपुडी नेमकी कुठे येते ते तपासायचं. साम्य नाकाडोळ्यांत असतं असं वाटतं, पण ओळखीचा माणूस आपण लांबून, नाकडोळे दिसायच्या आधीच ओळखतो. ते साम्य डोक्याच्या आकारात आणि मोठ्या सावल्यांत असतं.

त्या सावल्या शोधायला डोळे बारीक करायचे. बारकावे नाहीसे होतात. डोळ्याच्या खोबणीची, नाकाखालची आणि हनुवटीखालची सावली जोडली जाऊन एकच आकार उरतो. तो टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने भरायचा. हा थर चुकला तर पुढे कितीही रंग चढवा, चित्र सावरत नाही.

मग त्वचा. पांढरा, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन एवढ्यावर पुष्कळ भागतं. सावळा वर्ण उजळ दाखवायला पांढरा मिसळत राहिलं की चेहरा राखाडी, खडू फासल्यासारखा होतो. सावळ्या कपाळावरची चकाकी त्वचेपेक्षा प्रकाशाचा रंग जास्त घेते: आकाशाचा उजेड असेल तर ती निळसर असते आणि सावल्या उबदार. कपाळ थोडं पिवळसर, गाल, नाक नि कान लालसर, पुरुषांच्या हनुवटीला दाढीची हिरवट-करडी झाक. हे नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा समोर बघून पडताळावेत, कारण काही चेहरे ते सरळ मोडतात.

फोटोवरून काम सोपं पडतं, कारण फोटो हलत नाही. पण त्यात एकच क्षण असतो आणि सावल्या बऱ्याचदा काळ्या मिटून जातात. जिवंत माणूस श्वास घेतो, कंटाळतो, मध्येच ओठ आवळतो. यातलं काय ठेवायचं हे चित्रकाराला ठरवावं लागतं, आणि शिकण्यासारखं आहे ते हेच. मॉडेलचा फोटो काढायचा असेल तर मात्र आधी विचारावं, आणि पोज बदलायला हात न लावता शब्दांत सांगावं. एवढा वेळ स्थिर बसणं हेही कामच आहे.

शेवटाकडे कडा हाताळायच्या. केस कपाळाला मिळतात तिथे रेघ नसते, रंग एकमेकांत विरतात. बालगंधर्व रंगमंदिरातली गोपाळ देऊस्करांची बालगंधर्वांची दोन चित्रं, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं, या नजरेने एकदा बघावीत: कुठली कड धारदार ठेवलीय, कुठली सोडलीय. नाटकाच्या मध्यंतरातही तेवढं जमतं.

वरच्या थरांत तेलाचं प्रमाण खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर रंगाला पुढे भेगा पडतात. डोळ्यातला प्रकाशबिंदू सगळ्यात शेवटी, एका फटक्यात. वॉर्निश मात्र निदान सहा महिने लावू नये.