‘ताठ बस!’ म्हणण्यापूर्वी

‘ताठ बस, पोक काढू नकोस!’ हे ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कोणाचे बालपण गेले असेल असे वाटत नाही. आजी पाठीत हलकीशी चापट मारून सांगायची, शाळेत बाई सांगायच्या, आणि आता इथे मेलबर्नमध्ये गृहपाठाला बसलेल्या मुलांना आपण तेच सांगतो. सांगणाऱ्याची पाठ त्या वेळी कशी आहे, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. माझ्या मुलीने ते पाहिले. ‘बाबा, तू स्वतः कसा बसलायस ते बघ ना,’ असे ती एके दिवशी म्हणाली आणि मी गप्प झालो.

त्याआधी दोन वर्षे माझी मान दुखत होती. दिवसाचे आठ-नऊ तास संगणकापुढे आणि वर जाण्यायेण्यात दीड तास गाडीचे चाक हातात. उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. सुदैवाने गंभीर काही निघाले नाही. व्यायामांचा एक कागद मिळाला, तो फ्रिजवर लागला आणि तिथेच राहिला. धाकट्याला खांद्यावर घेणे मी बंद केले. मग निश्चयाने ताठ बसायला लागलो, तर दहा मिनिटांत पाठ भरून येई आणि पुन्हा पोक. एवढे ठरवूनही साधे सरळ बसता का येऊ नये? या प्रश्नाचा पिच्छा पुरवणारा एक माणूस याच देशात होऊन गेला, हे मला पुढे कळले.

टास्मानियाचा एकपात्री कलाकार

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांचा जन्म १८६९ साली टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावर विनयार्डजवळ झाला. कथलाच्या खाणीच्या कंपनीत काही काळ कारकुनी करून, विशीच्या सुमारास ते मेलबर्नला आले. शेक्सपिअरच्या नाटकांतील उतारे एकट्याने रंगवून सांगायचे, हा त्यांचा व्यवसाय. आपल्याकडच्या एकपात्री प्रयोगासारखाच. पण भर प्रयोगात त्यांचा आवाज बसू लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. एका महत्त्वाच्या कार्यक्रमाआधी त्यांनी पंधरा दिवस घशाला पूर्ण आराम दिला. सुरुवात उत्तम झाली, पण निम्म्यावर आवाज घोगरा झाला आणि शेवटी तर बोलणेही कठीण झाले.

दुसरा कोणी असता तर त्याने नशिबाला बोल लावला असता. अलेक्झांडर यांनी साधा तर्क केला. विश्रांतीने आवाज सुधारतो आणि प्रयोग करताना बिघडतो, तर प्रयोग करताना आपणच काहीतरी चुकीचे करत असलो पाहिजे. काय, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. तेव्हा ते आरशासमोर उभे राहिले.

आरशात तीन गोष्टी दिसल्या. संवाद सुरू करताच ते डोके मागे खेचत, घसा खाली दाबत आणि तोंडाने आवाज करत श्वास ओढत. डोके मागे जाताच छाती वर येई, पाठ आत वळे आणि सारे शरीरच आखूड होई. म्हणजे दुखणे घशाचे, पण त्याचे मूळ मानेपासून पायांपर्यंत पसरलेले.

मग त्यांनी डोके मुद्दाम पुढे ठेवून बोलायचा सराव केला. आपण ते बरोबर करतो आहोत अशी त्यांची खात्री होती. बाजूंना आणखी आरसे लावून पाहिले, तर काय! डोके पूर्वीसारखेच मागे जात होते. जे ‘बरोबर’ वाटत होते ते बरोबर नव्हतेच.

वाटणे आणि असणे

मला वाटते, सगळी मेख इथेच आहे. एक सोपा प्रयोग करून पाहा. नेहमीप्रमाणे हाताची घडी घाला. आता दुसरा हात वर येईल अशी घडी घाला. अवघडल्यासारखे होते ना? दुसऱ्या घडीत चुकीचे काहीच नाही, फक्त सवय नाही. पाठीचेही तसेच. वर्षानुवर्षांची वाकडी बैठक आपल्याला सरळ वाटते आणि खरी सरळ बैठक परकी वाटते. म्हणून ‘ताठ बस’ म्हटले की आपण काय करतो? जुना ताण तसाच ठेवून त्यावर नवा चढवतो. छाती पुढे, कंबर आत, खांदे मागे. असा ताठपणा टिकणार किती?

अलेक्झांडर यांना उत्तर सापडायला काही वर्षे लागली. नवे काही करण्याआधी जुने करणे थांबवायचे. बोलायची इच्छा झाली की लगेच बोलायचे नाही. क्षणभर थांबायचे, मान मोकळी सोडायची, आणि मग बोलायचे, किंवा न बोलायचेही ठरवायचे. माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोंचे असते. ते कण्यावर हलके तोलले गेले तर बाकीच्या शरीराला फारसे सांगावे लागत नाही.

पुढे सिडनीत शिकवून ते १९०४ साली लंडनला गेले आणि १९५५ साली तिथेच वारले. प्राणिशास्त्रज्ञ निकोलास टिनबर्गन यांनी १९७३ च्या आपल्या नोबेल व्याख्यानाचा मोठा भाग या तंत्राला दिला होता. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ५७९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षानंतर, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांचे चार आठवड्यांतले सुमारे २१ दिवस दुखण्याचे होते. २४ शिकवण्या घेतलेल्यांचे फक्त ३. म्हणून हा सर्व रोगांवरचा रामबाण उपाय आहे असे मात्र नव्हे. हातापायाला बधिरपणा आला, शक्ती कमी वाटली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर आधी डॉक्टर, बाकी सगळे नंतर.

घरी करण्याजोगे

फोन वाजला की हात पुढे जाण्याआधी खांदे वर जातात का, ते पाहा. दोन वेळा वाजू द्या, खांदे सोडा, मग उचला. खुर्चीतून उठताना हनुवटी वर करून स्वतःला उचलू नका; पाय जवळ घ्या, कमरेच्या सांध्यातून पुढे झुका आणि उठा. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीला आणा. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवली तरी चालते, फक्त कीबोर्ड वेगळा हवा. पोळ्या लाटताना ओटा ठेंगणा वाटत असेल तर मान खाली घालण्यापेक्षा पाय थोडे फाकवून उभे राहा. आणि बैठक कितीही उत्तम असो, अर्ध्या तासाने उठाच.

सर्वांत गुणकारी, आणि आळशी माणसाला मानवणारी गोष्ट म्हणजे आडवे पडणे. गालिच्यावर पाठ टेकून, डोक्याखाली दोन-तीन पुस्तके, गुडघे वर, पावले जमिनीवर आणि डोळे उघडे. पंधरा मिनिटे काही करायचे नाही. संध्याकाळी कामावरून आल्यावर मी हे करतो.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघरी पोचवलेले सूर्यनमस्कार आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी घातले आहेत. पण आज ऑफिसची घाई, आणि बारा नमस्कार चार मिनिटांत उरकले की मान तशीच आवळलेली राहते. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरून आसने शिकवली, ती शरीराला योग्य जागा कळावी म्हणूनच. तीनच नमस्कार घाला, पण प्रत्येक स्थितीत मान कुठे आहे ते विचारा.

शिकवणी लावायची तर खर्चाचा विचार आलाच. अलेक्झांडर तंत्र, योग आणि पिलाटीस यांना खासगी आरोग्य विम्यातून २०१९ साली वगळले होते; २०२५ साली त्यांना पुन्हा मुभा मिळाली. प्रत्येक पॉलिसीत ते असेलच असे नाही, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

माझी मान पूर्ण बरी झाली असे म्हणणार नाही. वाईट दिवस येतात, पण आता मध्ये बरेच चांगले दिवस असतात, आणि धाकटा पुन्हा खांद्यावर बसतो. मुलीला ‘ताठ बस’ म्हणणे मी सोडून दिले. संध्याकाळी मी पुस्तके डोक्याखाली घेऊन गालिच्यावर पडलो की कधीकधी तीही शेजारी येऊन पडते.